गुंजेच्या आत

तोलायला बसली की भागाबुढी स्वतःचा श्वास धरायची आणि समोरच्यालाही धरायला लावायची. पदराचं टोक नाकातोंडावर आवळून बांधलेलं, उजव्या हातात काट्याची दोरी, नजर काट्याच्या जिभेवर, म्हणजे दांडीच्या मधल्या सुईवर, आणि डावा हात असा वर उचललेला की जणू कुणाच्या थोबाडीत मारणार आहे. मारायचीही. एकदा एका नवरीची आई तिच्यापुढे शिंकली, तर बुढीने आधी तिला चापट दिली आणि मग विचारलं, "सर्दी हाय तं घरी मराव. इथं काऊन आली?" ती बाई लेकीची नथ तोलून घ्यायला आली होती. तिने गाल चोळला आणि पदराने नाक दाबून पुन्हा बसली. अमरावतीच्या परकोटात भागाबुढीच्या काट्याइतका बारीक काटा दुसरा नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि बुढीला सगळ्यांहून जास्त.

मी तिच्या शेजारच्या घरात सून म्हणून आले ती कापसाच्या तेजीच्या सुरुवातीला. माझं माहेर अकोल्याकडचं, माळ्याचं. गावचे पंतोजी देवासाठी आमच्याकडून फुलं नेत, त्या बदल्यात मला पडवीच्या कोपऱ्यात बसू देत. अक्षरं आली, पाढे आले, पाव-अर्ध्याची पावकी-निमकी आली, तेवढ्यात लग्न झालं. पुढे काही शिकले नाही. जे लिहिते ते तेवढ्याच भांडवलावर.

दूर समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई लागली होती, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, असं घरातले पुरुष सांगायचे. लढाई कुणाची, कशाबद्दल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ती थांबू नये म्हणून आमच्या गल्लीतल्या बायकांनी अंबाबाईला नारळ ठेवले होते. कालपर्यंत फाटक्या लुगड्यात फिरणाऱ्या कुणबिणी हातात पाटल्या घालून भाजी घ्यायला येत, आणि वांगं निवडताना हात गरजेपेक्षा लांब करीत. बैलांच्या शिंगांवर पितळेच्या जागी चांदीच्या शेंब्या चढल्या. हंगामात रस्त्याने गाड्यांची रांग लागे आणि हवेत कापसाचे तंतू उडत. ते भाकरीवर बसत, दुधात पडत, झोपलेल्या पोरांच्या पापण्यांना चिकटत. भागाबुढी दर तोलाआधी कोंबडीच्या पिसाने पारडी झाडायची आणि कापसाला शिव्या द्यायची. "माह्या काट्याले दाढी आनली मेल्या कापसानं!"

ती सोनाराची विधवा. अंगाने काटकुळी, चेहऱ्यावर देवीचे व्रण, दात मिश्रीने काळे. नवरा गेल्यावर भट्टी विझली, पण काटा तिने ठेवला. घडवायचं काही नाही, नुसतं तोलायचं. सराफ्यातून दागिना घेतला की लोक तिच्याकडे खात्री करायला येत. विधवेच्या हातचं लग्नाचं सोनं नको म्हणून दागिना पाटावर ठेवीत आणि पाटावरूनच उचलून नेत. तिला त्याचं काही वाटत नसे. "सोन्याले मी लागत नाही. काटा लागते," म्हणायची.

गल्लीत एक गोष्ट सांगत की तिच्या नवऱ्याने कुण्या जहागीरदाराच्या हाराचं वजन अंदाजाने सांगितलं, ते चुकलं, आणि त्याचा उजवा हात तोडला गेला, म्हणून ही अशी झाली. मला ती गोष्ट खरी वाटायची. एक दिवस मी धीर करून विचारलं. बुढी पारडी झाडत म्हणाली, "त्याचे दोन्ही हात संगं जळाले. मी पायले. तापानं मेला तो. हात कोनं तोडला?" मग म्हणाली, "लोकाले कारन लागते. मी अशीच हाय."

तिच्याजवळ एक नारळाची करवंटी होती, तीत गुंजा. लाल, काळ्या डोळ्याच्या, सगळीकडे मिळतात त्याच. पण तिच्या गुंजा निवडलेल्या. नवी गुंज आणली की ती एका पारड्यात जुनी ठेवून दुसऱ्यात नवी ठेवायची. जीभ जराही कलली की नवी गुंज दारातून बाहेर. आमच्या अंगणात तिच्या फेकलेल्या गुंजा इतक्या पडत की पावसाळ्यात वेल उगवायचे. करवंटीतली गुंज हेच तिचं सगळ्यात लहान माप. त्याखालचं तिला कुणी विचारलं तर ती एकच उत्तर देई, "गुंजेच्या आत." किती आत, हे विचारणाऱ्याला शिवी.

मी नवी होते आणि मला पावकी येते याचा मला गर्व होता. तिच्या ओट्यावर बसून मी एकदा पावकी घडाघडा म्हणून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकली.

"लय चांगलं. आता मले पाव गुंज दाखव."

मी म्हटलं, "गुंजेचे चार भाग केले की—"

"कर."

मी गुंज दातात धरली. ती फुटेना. बुढी हसली, तिचं हसणं म्हणजे नाकातून फुसकन हवा सोडणं.

"पोट्टे, पाव तुह्या तोंडात हाय. माह्या काट्यात नाही. काट्याले दिसते तेवढंच बोलाव. त्याच्या पुढचं बोलाल थे आपल्या मनातलं. मनातलं बोलाचं असंन तं देवळात जा, भजन कर."

ही तिची रीत तोलण्यापुरती नव्हती. माझा सासरा वांग्यांची टोपली शेरात सांगायचा, तर ती म्हणायची, "टोपली भरली तं टोपली म्हना. शेर कोनं पायले?" कुणी वय विचारलं तर, "म्हातारी." अकोला किती लांब, तर, "बैल कोनाचे?" माझा पहिला गर्भ पडला तेव्हा सुईण म्हणाली, तिसरा महिना होता. भागाबुढी दारात उभी होती. ती म्हणाली, "तुले कसं मालूम? तिच्या पोटात काटा टाकला व्हता?" मी तिथे रक्तात पडले होते. सुईणीने तिला हाकललं. मला त्या वेळी तिच्यापेक्षा सुईणीचा राग आला, कारण सुईण मग खरोखरच विचारात पडली आणि मला पुन्हा प्रश्न विचारू लागली.

सराफ्यात विठोबा नावाचा सोनार होता. सरळ माणूस. त्याने एका शेतकऱ्याला पुतळ्यांची माळ विकली आणि वजन सांगितलं ते तोळे, मासे आणि वर अडीच गुंजा असं. शेतकरी माळ घेऊन बुढीकडे आला. तिने तोलली, म्हणाली, मासे बरोबर, गुंजा दोन. शेतकरी चिडला, विठोबाला घेऊन आला, संगतीला चार टगे. विठोबाने आपला काटा आणला होता. बुढीने त्याच्या रिकाम्या काट्याच्या एका पारड्यात एक गुंज टाकली. काटा हलला नाही. दुसरी टाकली, तेव्हा कुठे सुस्तावल्यासारखा कलला.

"दोन गुंजा पडेपर्यंत हा झोपून राह्यते," ती म्हणाली, "अन् मालक म्हने अडीच. अर्धी गुंज कोन्या झोपेत दिसली, विठोबा?"

लोक हसले. विठोबा म्हणाला, "माय, आमी असंच बोलतो. बापही असंच बोलायचा. गिऱ्हाइकाले अर्धं सांगतलं की भरोसा वाटते."

तो खरं बोलत होता. त्याने चोरी केली नव्हती. काटा जाडा होता आणि जीभ बारीक, एवढंच. पण त्या टग्यांना एवढंच ऐकू आलं की काटा खोटा. त्यांनी त्याच संध्याकाळी त्याची भट्टी फोडली, हत्यारं विहिरीत टाकली आणि त्याला उघडा करून बाजारातून फिरवला. बुढीच्या दारावरूनही नेला. ती ओट्यावर गुंजा निवडत होती. मी म्हटलं, "माय, तुमी सांगा ना त्याईले, हा चोर नाही म्हून."

"मले कोनी इचारलं?" ती म्हणाली. एक गुंज उचलून डोळ्यापुढे धरली आणि फेकून दिली. विठोबा पुढे बडनेऱ्याच्या वखारीत कापसाच्या गासड्या उचलताना दिसला, असं माझा नवरा सांगायचा.

हे सगळं मी सांगितलं ते ती कशी होती हे कळावं म्हणून. मला जे सांगायचं आहे ते सखूचं.

सखू आमच्या समोरच्या घरातली कुणब्याची सून. माझ्याच वयाची. तिला तीन वर्षांची ठमी आणि अंगावरचा एक मुलगा. तेजीमुळे वेचणीला मजूर मिळेनात. ज्याला त्याला स्वतःचा कापूस. म्हणून घरच्या सुना, लेकी, म्हाताऱ्या, सगळ्या रानात. तान्ही पोरं सोबत न्यावी लागत, आणि पोर रडलं की वेचणी थांबे. त्यावर उपाय जुनाच होता. सकाळी अफूची बारीक गोळी दुधात उगाळून पोराला चाटवायची आणि बांधावर झोळीत टाकायचं. आमच्याकडे तिला बाळगोळी म्हणत. सगळ्या देत. जी देत नसे तिला सासू आळशी म्हणे. काही पोरं संध्याकाळी उठत नसत. मग दृष्ट लागली म्हणायचं, किंवा सटवीने नेलं म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी वेचणीला जायचं, कारण कापूस बोंडातून गळत असे.

सखूच्या घरी गोळ्या तिची सासू काशी करायची. काशी तोंडाने फटकळ आणि हाताने सैल. गोळ्या वळताना ती बोलत असे, भांडत असे, आणि गोळ्या होतील तशा होत. पण विचारलं की म्हणायची, "मी पाव गुंजेची करतो. बराबर पाव."

त्या दिवशी सकाळी मी बुढीची चाळणी परत द्यायला गेले होते. सखू आली. कडेवर पोर, तोंड उतरलेलं. तिने पदराची गाठ सोडून गोळी काढली.

"माय, पोराचं आंग कोमट हाय. दात येऊन राह्यले. अन् ही गोळी मले कालच्याहून मोठी वाटते."

"वाटते थे मले सांगू नको," बुढी म्हणाली आणि पदर बांधला.

मी गोळी बघितली. मोहरीएवढी होती. काळपट, एका बाजूने चपटी. बुढीने ती पारड्यात ठेवली आणि दुसऱ्यात गुंज. गुंजेचं पारडं खाली गेलं आणि तिथंच राहिलं.

"गुंजेच्या आत."

"किती आत, माय?"

"तुले काट्याले जीभ दिसते का? तिले इचार."

"मंग देऊ ना मी?"

"मी वैद नाही. गोळी उचल, मले काम हाय."

सखूने गोळी उचलली. तिच्या चेहऱ्यावरची काळजी गेली होती, हे मी स्वतः बघितलं. आमच्या गल्लीत लोकांच्या मनात असं बसलं होतं की बुढीच्या काट्याला लागून आलेली वस्तू खरी. लोक पायातल्या नव्या साखळ्यासुद्धा तिच्याकडे तोलून नेत, वजन न ऐकताच. नुसतं तोललं की झालं. सखूनेही तेच केलं. गोळी किती आहे हे तिला कळलं नव्हतं, पण ती तोललेली होती.

पोर संध्याकाळी बांधावरून उचललं तेव्हा ओठ निळे होते.

त्याला पुरून आल्यावर सगळं शांत झालं असतं. अशी कितीतरी पोरं गेली त्या हंगामात आणि कुणी कुणाला विचारलं नाही. पण सखूचा नवरा गणपत याच्या घरात त्या वर्षी कापसाने माया आली होती, आणि मोर्शीकडच्या एका मोठ्या घराची सोयरीक त्याच्या कानावर घातली गेली होती. काशी तर आधीपासून सखूला उभी जाळत होती. तिने बोलायला सुरुवात केली की, माह्या गोळीनं पोर मरूच शकत नाही, मी पाव गुंजेची करतो. इनं दोन-तीन गोळ्या चिकटवून मोठी केली, पोर झोपून राहावं अन् इले रानात बसता यावं म्हून. पोटचं मारलं या रांडेनं.

सखू म्हणाली, "मी गोळी तोलून नेलती. भागामायले इचारा."

मग जातीचे पंच बसले, सखूच्या सासऱ्याच्या अंगणात, भर दुपारी. प्रश्न एकच होता. त्या दिवशी सखूच्या हातातली गोळी पाव गुंजेची होती की मोठी? पाव असेल, तर पोर देवाने नेलं आणि सखू घरात राहील. मोठी असेल, तर काडी मोडून, म्हणजे लग्न तोडून, तिला माहेरी पाठवायची, आणि ठमी बापाकडे. सखूला नवऱ्याचं फार नव्हतं. तिने मला आदल्या दिवशी विहिरीवर सांगितलं होतं, "मले मारो, बाहीर निजवो. ठमी सोडून मी नाही जात."

बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मीही. बुढीला बोलावणं गेलं. ती काटा घेऊनच आली.

पंचांचे मुख्य दौलतराव. भला माणूस, त्याला हे प्रकरण नको होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"भागाबाई, ही पोरगी त्या दिवशी गोळी घेऊन तुमच्याकडे आलती?"

"आलती."

"तोलली?"

"तोलली."

"किती भरली?"

"गुंजेच्या आत."

"म्हंजे पाव?"

"गुंजेच्या आत."

काशी मधे ओरडली, "मी पावाची करतो! जलम गेला करता करता!"

बुढी तिच्याकडे वळली. "कोन्या काट्यावर?"

"काटा कायले पायजे? हाताले कळते!"

"मंग तुह्या हाताले पंचात बसव. मले काऊन बलावलं?"

पंचांतले दोघे हसले. दौलतरावही हसला, आणि त्याला वाटलं की गाडी रुळावर आली. तो जरा पुढे सरकून, समजूत घातल्यासारखं म्हणाला, "हे पाहा भागाबाई. पोर गेलं. ते काही परत येत नाही. गोळी लहान होती, पाव होती, एवढं तुमी म्हना अन् मी उठतो. सगळे उठतो."

"उठा की. मी धरून ठेवलं तुमाले?"

"पाव होती का नाही, एवढं सांगा."

"मले मालूम नाही."

"बरं, काटा राहू द्या. डोळ्यानं तं पायली असंन?"

"पायली."

"डोळ्याले केवढी दिसली?"

सखूने मान वर केली. बुढीने हातातल्या काट्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगते.

"डोळ्याले मी कधी तोलाले बसवलं नाही, दौलतराव. आज बी बसवत नाही."

तेव्हा गणपत उभा राहिला. इतका वेळ तो खाली बघत होता. "अर्धी असू शकते?"

"असू शकते."

"पाऊन?"

"असू शकते."

"गुंजेले जराशीच कमी?"

"असू शकते. गुंज खाली गेली, गोळी वर राह्यली. काट्यानं तेवढंच सांगतलं."

सखू उठून धावली आणि बुढीचे पाय धरले. "माय, तुमी पायली! तुमच्या हातात होती! मोहरीएवढी होती वो, मोहरीएवढी! सांगा ना!"

बुढीने पाय मागे घेतले. काट्याला धक्का लागू नये म्हणून तिने तो छातीशी धरला होता. "हलला तेवढं मी सांगतलं," ती म्हणाली. "हलला नाही थे कसं सांगू?"

पावही असू शकते, असं एक वाक्य ती म्हणू शकली असती, आणि ते तिच्या रीतीत बसलंही असतं. पण ते विचारणारा दौलतराव गप्प बसला होता आणि गणपतला पाव नको होती. न विचारलेलं ती बोलली नाही. मी माझ्या सासूच्या कानात म्हटलं, मी पाहिली गोळी, लहान होती. सासूने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की काळं-निळं झालं. "शाळा शिकली म्हून पंच झाली का तू?" तसं तिचंही चुकलं नव्हतं. ज्या अंगणात बुढीचा डोळा चालला नाही, तिथे माझा काय चालला असता?

गणपतने काडी मोडली. सखूचा भाऊ मूर्तिजापूरकडून गाडी घेऊन आला. ठमी गाडीमागे वेशीपर्यंत धावली. काशीने तिला वेणीला धरून परत आणली. वेशीपाशी कापसाच्या गाड्या अडल्या होत्या, म्हणून सखूची गाडी बराच वेळ तिथेच उभी राहिली, आणि तेवढा वेळ सगळ्यांना तिचं ओरडणं ऐकावं लागलं. नंतर तिला कुणी पाट लावून नेली, असं कानावर आलं. पुढचं ठाऊक नाही. ठमी मोठी झाली ती आईने भाऊ मारला हे ऐकत. गणपतची नवी बायको आली, तिच्या अंगावरचं सोनं भागाबुढीनेच तोललं.

बुढीचं काही बिघडलं नाही. उलट तिचं नाव वाढलं. पंचांपुढेसुद्धा एक गुंज इकडची तिकडे केली नाही म्हातारीने, असं लोक कौतुकाने सांगायचे. मी मात्र तिच्या ओट्यावर जाणं सोडलं. तिने एकदा भिंतीवरून विचारलं, "काऊन गं, येत नाही?" मी म्हटलं, "काम असते." ती म्हणाली, "किती काम?" आणि नाकातून हसली.

मग ती समुद्रापलीकडची लढाई संपली आणि कापूस आपटला. चांदीच्या शेंब्या उतरल्या, पाटल्या मोडीत गेल्या. तेव्हाही लोक तिच्याकडेच आले. विकताना कमी भरलं तर ऐकवत नाही, पण तिने सांगितलं की निमूट परत जात. तिने कुणाला एका गुंजेचाही दिलासा दिला नाही.

बरीच वर्षं गेली. अंगातली ताकद गेल्यावर तिला नवऱ्याच्या पुतण्याने अकोल्याला नेलं. मी भावाकडे अकोल्याला गेले होते, आगगाडी सुरू झाली होती तेव्हा. भावजय म्हणाली, तुमच्या गल्लीतली ती म्हातारी पलीकडच्या बोळात मरून राह्यली, पाहाचं असंन तर पाहून या. माझी जायची इच्छा नव्हती. तरी गेले.

तिच्या पोटात गाठ झाली होती. अंगावर मांस नव्हतंच, आता कातडंही सैल झालं होतं. पुतण्याची बायको दारातच माझ्याकडे रडगाणं घेऊन आली. "वैदानं अफू सांगतली, दुखनं दबते म्हून. गुंजभर द्या म्हनते. मी नखानं तोडून देतो तं काकू घेत नाहीत. म्हनतात, मी तोलून घेईन. अन् हात तं पाहा त्याईचा."

मी हात बघितला. बुढी भिंतीला टेकून बसली होती. एका पारड्यात गुंज, दुसऱ्यात अफूचा खडा, आणि हातातली दोरी थरथरत होती. पारडी वरखाली, वरखाली. तिचं कपाळ घामाने भिजलं होतं. ओठ चावून तिने रक्त काढलं होतं. ती थोडा वेळ काटा धरायची, हात खाली टेकवायची, कण्हायची, पुन्हा उचलायची.

"कोन? पावकीवाली?" तिने मला ओळखलं. "बस."

मी बसले. तिने दोरीचा हात गुडघ्यावर टेकवला.

"त्या पोट्टीची गोळी. तू होती तवा. तुले केवढी दिसली?"

"मोहरीएवढी," मी म्हटलं.

"मले बी."

मला दुःख झालं नाही, संताप आला. मी विचारलं, "मंग तवा काऊन नाही सांगतलं? एक शबूद होता. दौलतराव हात जोडून मागून राह्यला होता."

"एक डाव डोळ्याचं सांगतलं असतं," ती म्हणाली, "तं दुसऱ्या दिवशी काट्याले कोनं पुसलं असतं? सारे म्हनले असते, बुढी काट्यावर बी सांगते अन् मनानं बी सांगते."

"ती पोरगी गेली, माय. पोरीपासून तुटली."

"तुटली," ती म्हणाली. जसं एखाद्या गिऱ्हाइकाला वजन सांगावं.

पोटात कळ आली तशी ती वाकली. काटा मात्र तिने आडवा होऊ दिला नाही. कळ ओसरल्यावर पुन्हा दोरी वर घेतली. पारडी पुन्हा नाचायला लागली. मला बघवेना. तिच्यासाठी नव्हे, ते नाचणंच बघवेना. मी हात पुढे केला. "द्या, मी धरते. माझा हात हलत नाही."

"तुह्या हाताचा मले भरोसा नाही," ती म्हणाली.

मी उठले. पुतण्याची बायको दारात उभी होती, तिच्या तळहातावर नखाने तोडलेला अफूचा तुकडा तयार होता. मी तिला म्हटलं, झाकून ठेव, ती नाही घेणार.

चपला घालताना मी मागे बघितलं. बुढीने पदराचं टोक दातांनी ओढून नाकातोंडावर बांधलं होतं. डोळे जिभेवर. श्वास धरलेला. दोरी थरथरत होती, जीभ एकदा इकडे जाई, एकदा तिकडे, आणि ती मधे थांबायची वाट बघत बसली होती.